तार माझी, खरखर गावाची

आपल्या समाजात घरावर काय लावावे याचे काही अलिखित नियम आहेत. गुढी लावावी, आकाशकंदील लावावा, नव्या बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली टांगावी. पाण्याची काळी टाकी चढवली तर ती प्रगती आणि पत्र्यावर पांढरी डिश बसवली तर ती करमणूक. निवडणुकीच्या दिवसांत तर कुणाचाही झेंडा कुणाच्याही कौलांवर फडकतो आणि त्याबद्दल घरमालकालासुद्धा कुणी विचारत नाही. पण एखाद्या सभ्य माणसाने परसातल्या दोन माडांच्या मध्ये वीस मीटर तांब्याची तार ताणली, की अख्ख्या गल्लीला एकदम नागरिकशास्त्र आठवते.

मी आजऱ्याला राहतो आणि मी हौशी रेडिओवाला आहे. जगभर या जमातीला 'हॅम' म्हणतात. मराठीत 'हौशी' हा शब्द आधीच पुरता बदनाम झालेला. हौशी नट म्हणजे ज्याची मिशी तिसऱ्या अंकात सुटते तो, आणि हौशी गायक म्हणजे ज्याच्या घरी चहाला जाताना माणूस घड्याळ बघून जातो तो. त्यामुळे 'हौशी रेडिओ केंद्र' म्हटले की लोकांना लग्नात कर्णा लावणारा मंडपवाला आठवतो. वस्तुस्थिती अशी आहे की ही हौस भागवायला केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. वय निदान बारा पूर्ण असावे लागते. विजेचे शास्त्र आणि रेडिओचे कायदे यांवर प्रश्न येतात, वरच्या श्रेणीला मोर्सचे कट्ट-कडकट्ट यावे लागते. मग परवाना. मग 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारे एक सरकारी नाव मिळते, जे आईवडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा जगात लांब जाते. हे खूळ या देशात नवे नाही. अमरेंद्र चंद्र गुप्तू यांनी १९२१ साली आपले केंद्र सुरू केले, तेव्हा आकाशवाणीचा जन्मही झालेला नव्हता.

आता ती तार. सात मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी काढायची तर तीनशेला सातने भागायचे, साधारण त्रेचाळीस मीटर येतात. त्याचे निम्मे करायचे, आणि तांब्यात लहर जरा आखूड पडते म्हणून थोडे कातरायचे, की वीस मीटर उरतात. मधोमध तोडून केबल जोडायची. झाले एरियल. यात गूढ काही नाही. पण या वीस मीटर तारेवर आमच्या गल्लीने जेवढे सिद्धांत वाळत घातले आहेत, तेवढे धुणे मी आयुष्यात वाळत घातलेले नाही.

पहिला सिद्धांत, ही तार वीज ओढते. वीज म्हणजे आकाशातली. उत्तर असे, की ढग गरजायला लागले की मी केबल काढून तारेला जमिनीत पुरलेल्या पट्टीशी जोडून ठेवतो. जे लोक आपल्या पत्र्यावरच्या लोखंडी पाइपाला कधी अर्थिंग करीत नाहीत, ते मला विजेची भीती घालतात. दुसरा सिद्धांत, ही तार पाऊस अडवते. आंबोलीच्या वाटेवरच्या गावात राहून ज्याला पाऊस कमी पडला असे वाटते, त्याच्याशी मी वाद घालत नाही. पाऊस अडवण्याचे काम सह्याद्री करतो. माझ्या तारेला एक वानर अडवता येत नाही. दर महिन्याला एक येऊन तिच्यावर झोका घेऊन जाते. तिसरा सिद्धांत मात्र गंभीर, कारण तो लेखी आला. पंधरा सह्यांच्या अर्जाचा आशय एवढाच होता, की सदर इसमाच्या तारेमुळे आमच्या टीव्हीची चित्रे फुटतात.

"सर, पाऊस आला की तुमची तार चालू होती आनी आमची डिश बंद पडती," असे अर्जदारांपैकी एकाने मला तोंडावर सांगितले.

अहो, पाऊस आला की डिश बंद पडते, कारण ती बारा गिगाहर्ट्झच्या आसपासची लहर उपग्रहावरून पकडते, आणि तेवढी बारीक लहर पावसाच्या जाड थेंबांत विरून जाते. माझी लहर चाळीस मीटरची आहे. तिला थेंब दिसतसुद्धा नाही. हे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "ते असंल वो, पन तार काढून बगायला काय हरकत हाय?"

इथे मला मुद्द्यावर यायचे आहे. गेली कित्येक वर्षे मी बचावाचे भाषण करीत आलो आहे आणि आता मला त्याचा कंटाळा आला आहे. आरोपी मी नाही. माझ्या तारेने गल्लीचे काही जात नाही; उलट गल्लीच्या घराघरांतून रोज संध्याकाळी माझ्या तारेवर कचरा येऊन पडतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून त्याला कुणी कचरा म्हणत नाही, एवढेच.

मार्कोनीने १९०१ साली अटलांटिक महासागरापार संदेश धाडला तो ठिणगीच्या जोरावर. ठिणगी पडली की रेडिओलहर निघते, हा निसर्गाचा नियम आहे आणि तो मार्कोनीचा परवाना संपला म्हणून बंद पडलेला नाही. तुमच्या मिक्सरच्या मोटारीत कार्बन झिजला की ठिणगी पडते. मोटारसायकलच्या प्लगमध्ये पडते. खटक्यात सैल बसलेल्या पिनेत पडते. म्हणजे प्रत्येक घरात एकेक छोटा मार्कोनी बसलेला आहे, फक्त त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही. तो नुसताच खरखरतो.

तरी जुन्या ठिणग्या सभ्य होत्या. चटणी वाटून झाली की मिक्सर गप्प. ट्यूबलाइटची पट्टी लागताना चार वेळा कुरकुरायची आणि मग शहाण्यासारखी जळत राहायची. खरी बेबंदशाही आली ती स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर आल्यावर. एलईडीला हवी असते थोड्या व्होल्टची एकाच दिशेने वाहणारी वीज, आणि भिंतीतून येते दोनशे तीस व्होल्टची उलटसुलट धावणारी. तेव्हा बल्बच्या बुडात एक इवलेसे सर्किट बसवतात, ते ही वीज सेकंदाला काही दहा हजार वेळा तोडते आणि जोडते. प्रत्येक तोडजोडीला एक झटका. या झटक्यांची पिलावळ वर वर चढत मिडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह सगळीकडे पसरते. आणि ती पसरायला एरियल कोणते? तुमच्या भिंतीतली वायरिंग! म्हणजे माझी तार वीस मीटर म्हणून अर्ज, आणि तुमच्या घरातून शंभर मीटर तार चोवीस तास प्रक्षेपण करते आहे त्याला कुणाचा परवाना नाही, परीक्षा नाही, वयाची अट नाही.

यावर उपाय नाही असेही नाही. एक बारकी गुंडाळी आणि एकदोन कपॅसिटर बल्बच्या बुडात बसवले की झटके बाहेर पडत नाहीत. चांगले कारखानदार ते बसवतात. याला चहाच्या एका कपाइतकासुद्धा खर्च येत नाही, आणि नेमका तेवढाच वाचवून स्वस्त बल्ब स्वस्त होतो. अशा गडबडीला आवर घालावा म्हणून १९३४ साली एक आंतरराष्ट्रीय समिती बसली, ती अजून बसलेली आहे. तिची मर्यादापत्रके जगभर मानली जातात. आठवडी बाजारात गोधडीवर मांडलेल्या बल्बांनी ती वाचलेली दिसत नाहीत.

तुम्ही म्हणाल, चार खूळवेड्यांना खरखर ऐकू आली तर गावाचे काय बिघडले? काय बिघडते ते मी सांगतो.

आमच्या मागच्या आळीला एक आबा होते. वय ऐंशीच्या पुढे. सांगलीचे केंद्र १९६३ साली सुरू झाले तेव्हापासूनचे ते श्रोते. कातडी पाकिटातला ट्रान्झिस्टर, पाकिटाला भोके पडलेली, पट्टा दोनदा बदललेला. पूर्वी पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सचे पैसे भरावे लागत. आबांनी ते पुस्तकसुद्धा जपून ठेवले होते, जसे काही कोणी तपासायला येणार आहे. दिवेलागणीला बातम्या, मग शेतकऱ्यांचा कार्यक्रम, मग एखादे भजन, एवढा त्यांचा दिवसाचा शेवटचा तास. २०१८ च्या सुमारास या तासाला खरखर सुरू झाली. पोराने सेल बदलले, मग नवा ट्रान्झिस्टर आणला. खरखर तीच. मग घरच्यांनी निष्कर्ष काढला की आबांना ऐकू येत नाही. गडहिंग्लजला नेऊन कान तपासले. कान वयाच्या मानाने उत्तम. मग निष्कर्ष निघाला की वयाप्रमाणे व्हायचेच. आबांनाही ते पटले. त्यांनी ट्रान्झिस्टर कपाटावर ठेवून दिला आणि दिवेलागणीला ते नुसते ओसरीवर बसू लागले. म्हातारा माणूस स्वतःला दोष द्यायला किती पटकन तयार होतो!

मला हे कळले ते दूध घालणाऱ्या मुलाकडून. मी गेलो. मेन स्विच खाली ओढला, सेलवरचा ट्रान्झिस्टर लावला. खरखर जशीच्या तशी. म्हणजे चोर घरात नाही, हे एका मिनिटात ठरले. आता पुढचे काम ट्रान्झिस्टरच करतो, हे फार थोड्यांना माहीत असते. त्याच्या पोटात एक काळी फेराइटची कांडी आडवी झोपलेली असते. ती दिशा ओळखते. ट्रान्झिस्टर हातात धरून हळूहळू फिरवला, की एका ठिकाणी खरखर एकदम मरते. त्या क्षणी कांडीचे टोक चोराकडे रोखलेले असते. टोक दोन्ही बाजूंना असते, तेव्हा चोर पुढे आहे की मागे ते एका जागेवरून कळत नाही. चाळीस पावले बाजूला जाऊन पुन्हा फिरवायचे. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे जाऊन दार वाजवायचे.

रेघा छेदल्या त्या मागच्या घराच्या तुळशीवर. वृंदावनावर एक बल्ब लावलेला होता, दिवेलागणीला लागायचा.

"काकी, एवढा बल्ब पाच मिनिटं बंद करता?"

"का वो सर? बल्ब चांगला लागतोय की. उजेड पडतोय. आनी काय पायजे?"

या प्रश्नात आपल्या साऱ्या नागरी जीवनाचे सार आहे. उजेड पडतोय, आनी काय पायजे! कारखान्याचा माल निघतोय, आनी काय पायजे. नदीचे काय व्हायचे ते होवो. मंडळाचा गणपती दणक्यात निघतोय, आनी काय पायजे. कानाचे पडदे ज्याचे त्याने बघावेत. आपल्या वस्तूने आपले काम केले की ती निर्दोष. तिने शेजाऱ्याच्या घरात काय केले हा तिच्या जमाखर्चातला रकानाच नाही.

पण काकी भल्या. त्यांनी बल्ब बंद केला. भिंतीपलीकडून आबांच्या नातवाने ओरडून सांगितले, "बाई बोलतीया, सर! बाई बोलतीया!" बातम्या लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी माझ्या पदरचा चांगला बल्ब तुळशीवर लावून दिला. त्यानंतर आबा दोन वर्षे जगले आणि त्यांनी दोन वर्षे बातम्या ऐकल्या. अर्जावरच्या पंधरा सह्यांत त्यांच्या मुलाची सही होती, हे मी केवळ माहितीसाठी नोंदवतो.

बल्बचे सोडा. आमच्या तालुक्यात याहून मोठे चोर आहेत. कर्नाटकाच्या जंगलातून इकडे हत्ती आले, गवे तर आधीपासूनच होते. रात्रभर राखून जपलेले घनसाळ एका रात्रीत तुडवले जाते. तेव्हा शेतकऱ्याने कुंपणाला झटका मशीन लावले तर त्याला कोण नावे ठेवील? मी ठेवीत नाही. पण ते मशीन साधारण सेकंदाला एक झटका सोडते आणि माझ्या रेडिओत रात्रभर टक्, टक्, टक्. दिल्लीचा माणूस आपले नाव सांगतो आहे आणि मला हत्तीचा झटका बसतो आहे. लोकांना वाटते मी हे बंद करा म्हणणार. मुळीच नाही. नीट ताणलेले, नीट जोडलेले कुंपण रेडिओत फारसे टकटकत नाही. टकटकते ते गळके कुंपण. कुठेतरी गवत वाढून तारेला टेकलेले असते, कुठे गाठ सैल असते, तिथे ठिणगी उडते. म्हणजे तो झटका हत्तीला बसायचा सोडून गवताला बसतो! ट्रान्झिस्टर घेऊन बांधाबांधाने चालत गेले की जिथे टकटक सर्वांत मोठी तिथे दोष सापडतो. दोन शेतकऱ्यांची कुंपणे मी अशी फुकटात दुरुस्त करून दिली. दोघांनीही मला काकडी दिली आणि वर विचारले, "सर, तुमच्या त्या तारेनं हत्ती येत न्हाईत न्हवं?"

तीच गोष्ट खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरची. एखादा तडकला की त्यातून वीज कुरतडत राहते आणि साऱ्या आळीच्या रेडिओत भुणभुण चालते. अशी भुणभुण मी डीपीजवळच्या तिसऱ्या खांबापर्यंत नेली आणि वायरमनला दाखवली. वायरमन अनुभवी. त्याने वर बघितले, माझ्याकडे बघितले, आणि म्हणाला, "हा पुढच्या पावसाळ्यात फुटला असता, सर. अर्धं गाव अंधारात." बदलला. या उपकाराची बातमी मात्र गल्लीत अशी पोहोचली, की सरांच्या तारेने खांबावरचा इन्सुलेटर तडकला.

आमच्या या कानाला किंमत द्यायची ज्यांची तयारी नाही त्यांनी एकदा कार्ल जान्स्कीची हकिगत ऐकावी. अमेरिकेत टेलिफोन कंपनीत नोकरीला. महासागरापार बोलताना खरखर येते, ती कुठून येते ते शोध, एवढेच काम. त्याने मोटारीच्या चाकांवर फिरणारे एक अवाढव्य एरियल बांधले आणि खरखरीचा हिशोब मांडत बसला. जवळच्या वादळांची खरखर, दूरच्या वादळांची खरखर, आणि उरली एक मंद सुसकार. ती रोज चार मिनिटे आधी येई. तारेही रोज चार मिनिटे आधी उगवतात. १९३३ साली त्याने जाहीर केले की ही सुसकार आकाशगंगेतून येते. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा खरखरीच्या तक्रारीतून झाला. जान्स्की आजऱ्यात असता तर त्याच्या एरियलवर पहिल्याच आठवड्यात अर्ज पडला असता.

लांब कशाला, नारायणगावजवळ खोडदला या. गोविंद स्वरूप यांनी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण तिथे उभी केली, ती जगभर नावाजलेली आहे. तो मुलूख निवडण्यामागे एक कारण हे, की तिथे रेडिओची गडबड कमी होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली लहर तिथे पोहोचते, आणि तिच्या अंगावर पडते कुठल्यातरी खांबावरची ठिणगी किंवा कुठल्यातरी छपरावरचा टीव्हीचा बूस्टर. त्यांचा माग काढायला तिथे माणसे नेमलेली आहेत. एरियल घेऊन गावोगाव फिरणारे शास्त्रज्ञ! मी तेच करतो तर मी रिकामटेकडा.

"पण आता मोबाईल असताना हे हवंच कशाला?" हा प्रश्न मला आठवड्यातून निदान तीनदा पडतो, म्हणजे दुसऱ्यांना पडतो आणि माझ्यावर येऊन आदळतो. मोबाईल माझ्याकडेही आहे. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जमीन हलली तेव्हा तो नव्हता, आणि हौशी रेडिओवाले आपले संच घेऊन तिथे गेले. बरे, तेव्हा नव्हता म्हणून सोडून द्या. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा होता. अंदमानात योगायोगाने भारती प्रसाद नावाच्या बाई आपल्या हौशी मंडळींसह पोर्ट ब्लेअरला आलेल्या होत्या. बेटांचा संपर्क तुटला आणि त्यांच्या संचावरून माणसांची खुशाली मुख्य भूमीवर जाऊ लागली. आणि २०१९ च्या ऑगस्टात आपल्याच जिल्ह्यात पंचगंगा घरात शिरली तेव्हा गावोगाव लाईट गेली. लाईट गेली की मनोऱ्यांच्या बॅटऱ्या किती तास टिकतात ते पुरात अडकलेल्यांना विचारा. माझा संच मोटारीच्या बॅटरीवर चालतो आणि मधे कोणाचाही मनोरा लागत नाही. दोन माड उभे असले की पुरे. मात्र पलीकडून कोणी हाक मारत असेल तर ती मला ऐकू यायला हवी, आणि ती ऐकू येणे तुमच्या तुळशीवरच्या बल्बवर अवलंबून आहे.

ज्यांना तार म्हटले की संशय येतो, त्यांचा संशय निदान जुन्या परंपरेतला आहे हे मान्य करायला हवे. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला तेव्हा त्यांच्या लहरींचा माग काढीत पोलीस फिरत होते, आणि ही तरुण मंडळी संच उचलून या घरातून त्या घरात हलत होती. तीन महिने सापडली नाहीत. सापडली ती एका तंत्रज्ञाने बातमी फोडली म्हणून. पोलीस तेव्हा काही सांगणाऱ्या माणसाला शोधत होते. आज मी दिशा शोधत फिरतो, आणि सापडतो कोण? बल्ब. ज्याला काही सांगायचे नाही, असा बेकायदा प्रक्षेपक मला दर गल्लीत तीन सापडतात.

तेव्हा माझी मागणी अगदी साधी आहे. बल्ब घ्यायला जाताना सेलवरचा एक ट्रान्झिस्टर बरोबर न्या. मिडियम वेव्हवर, दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी काटा ठेवा. दुकानदाराला बल्ब लावायला सांगा आणि ट्रान्झिस्टर जवळ न्या. बोंबलला तर परत द्या, गप्प राहिला तर घ्या. मी गेल्या दिवाळीत हे सुरू केले. पहिल्या दिवशी दुकानदार हसला, दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सर, गिऱ्हाईक घाबरतंय." तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ माझ्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "माझापन जरा लावून बगा." चौथ्या दिवसापासून दुकानदाराने गल्ल्याशेजारी स्वतःचा ट्रान्झिस्टर ठेवला आहे. बल्बची एक जात त्याने मागवणे बंद केले. ती जात आता समोरच्या दुकानात मिळते, दोन रुपये स्वस्त, आणि पंधरा सह्यांपैकी निदान नऊजण तिथूनच घेतात. यादी माझ्याकडे आहे.